टमी टक शस्त्रक्रियेनंतरची काळजी

पोटावरील सैल, ओघळलेली त्वचा आणि तिच्याखालील चरबी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय परिभाषेत 'अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी' म्हणतात. बोलीभाषेत ती 'टमी टक' या नावानेच ओळखली जाते. एकापेक्षा अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर किंवा आहार-व्यायामाने पुष्कळ वजन घटवलेले स्त्री-पुरुष ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने करून घेतात. वजन कमी करण्याचा हा उपाय नव्हे. उलट, वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतरच ती करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींमध्ये 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी असतात. त्या दोहोंच्या दरम्यान गेलेले महिने मात्र कुठेच दिसत नाहीत. रुग्णालयातील मुक्काम बहुधा एक ते तीन दिवसांचा असतो. खरे दुखणे घरी निस्तरावे लागते आणि त्याची पूर्वकल्पना अनेकांना नसते.

शरीरात नेमके काय केले जाते, हे समजल्यास पुढची पथ्ये लक्षात राहणे सोपे जाते. जघनभागाच्या वर, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. तेथून वर बरगड्यांपर्यंत त्वचा व चरबीचा थर स्नायूंपासून सोडवला जातो. गरोदरपणात दोन बाजूंना सरकलेले पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेवर टाके घालून जवळ आणले जातात. नंतर वरची त्वचा खाली ओढून जादा भाग कापला जातो आणि बेंबीसाठी नवे छिद्र करून टाके घातले जातात. म्हणजे वरून दिसणाऱ्या लांब जखमेखेरीज आत स्नायूंची शिवण आणि त्वचेखालची मोठी मोकळी जागा, अशा आणखी दोन गोष्टी भरून यायच्या असतात.

पहिले दोन आठवडे

त्वचा ताणून शिवलेली असल्यामुळे रुग्णाला ताठ उभे राहता येत नाही, आणि तसा प्रयत्न त्याने करूही नये. सुमारे एक ते दोन आठवडे कमरेत किंचित वाकूनच चालावे लागते. झोपताना पाठ उंच आणि गुडघे दुमडलेले ठेवावेत. त्यामुळे टाक्यांवरचा ताण कमी होतो. या वाकलेल्या अवस्थेमुळे पाठ व कंबर दुखते आणि कित्येक रुग्णांना पोटापेक्षा पाठीचाच त्रास अधिक वाटतो. अंथरुणातून सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या जोरावर उठावे. जमिनीवरच्या अंथरुणातून असे उठणे अवघड जाते. पलंगाची सोय आधीच करून ठेवलेली बरी. उकिडवे बसून उठताना पोटावर जोर येत असल्याने शौचासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी. वेदनाशामक औषधांपैकी काहींमुळे बद्धकोष्ठता होते आणि कुंथण्याचा ताण थेट स्नायूंच्या शिवणीवर येतो. म्हणून पुरेसे पाणी, तंतुमय आहार आणि डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक यांत टाळाटाळ नको. खोकला किंवा शिंक आल्यास पोटावर उशी घट्ट धरावी.

त्वचेखाली साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून बहुतेक शल्यविशारद एक-दोन नळ्या, म्हणजे 'ड्रेन', ठेवतात. आरंभी लालसर असणारा हा द्रव पुढे गुलाबी व नंतर पिवळसर होतो. तो दररोज मोजून लिहून ठेवणे हे घरच्यांचे काम. २४ तासांतील प्रमाण साधारणपणे ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी काढतात. आतील थर टाक्यांनी एकमेकांना जोडून नळीविनाच शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही आता रूढ आहे. तरीही कधी कधी द्रव साचतो. त्याला 'सेरोमा' म्हणतात आणि या शस्त्रक्रियेनंतर वारंवार आढळणाऱ्या गुंतागुंतींपैकी ती एक आहे. पोटावर हात ठेवल्यास पाणी हलल्यासारखे जाणवते. सुईने द्रव काढल्यास बहुधा प्रश्न मिटतो, काही वेळा दोन-तीनदा काढावा लागतो.

सर्वांत गंभीर धोका मात्र पोटात नसून पायांत असतो. शस्त्रक्रियेनंतर हालचाल मंदावते, पोटातील दाब वाढतो आणि पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दिवशी सायंकाळी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला आधार देऊन चालवले जाते. बाळंतिणीप्रमाणे रुग्णाला अंथरुणावर पडून ठेवण्यात घरच्यांची माया असली, तरी येथे ती अपायकारक ठरते. दिवसातून अनेकदा घरातल्या घरात चालणे, बसल्या जागी पावले वर-खाली हलवणे आणि दीर्घ श्वास घेणे आवश्यक आहे. ज्यांना धोका अधिक, त्यांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने काही दिवस दिली जातात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास किंवा कुटुंबात कोणाला अशी गुठळी झालेली असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगायला हवे. परगावाहून आलेल्यांनी नळी निघेपर्यंत रुग्णालयाजवळ राहावे आणि दूरचा विमान, रेल्वे वा मोटारीचा प्रवास डॉक्टरांच्या परवानगीनेच करावा.

एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे यांपैकी काहीही झाल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, जखमेभोवती पसरणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटाच्या एकाच भागाला झपाट्याने आलेली सूज किंवा त्वचा काळी पडणे, हीदेखील तातडीची लक्षणे आहेत.

अमेरिकी गायक कान्ये वेस्ट यांच्या मातोश्री आणि शिकागो स्टेट विद्यापीठातील इंग्रजीच्या माजी प्राध्यापिका डॉ. डोंडा वेस्ट यांचे १० नोव्हेंबर २००७ रोजी निधन झाले. आदल्या दिवशी त्यांच्यावर टमी टकसह अन्य सौंदर्यशस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्या घरी परतल्या होत्या. हृदयधमन्यांचा विकार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक, असे कारण शवविच्छेदनानंतर नोंदवण्यात आले. त्यानंतर २००९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि ऐच्छिक सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी शारीरिक तपासणी व लेखी संमतिदर्शक वैद्यकीय अहवाल बंधनकारक ठरवला.

बधिर त्वचा, तंबाखू आणि मिसरी

बेंबीच्या खालचा भाग अनेक महिने बधिर राहतो, काहींच्या बाबतीत थोडी बधिरता कायमचीच. त्यामुळे शेक घेणे धोक्याचे. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजली, तरी ते रुग्णाला कळत नाही. दुखऱ्या पोटाला शेक देण्याची आपल्याकडची सवय लक्षात घेता हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. थेट बर्फही लावू नये.

सोडवून खाली ओढलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा मुळातच कमी झालेला असतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आणखी आकसतात आणि जखमेच्या कडा, विशेषतः मधोमध, काळ्या पडून उसवू शकतात. म्हणून किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर धूम्रपान बंद ठेवण्यास सांगितले जाते. 'तुम्ही सिगारेट ओढता का?' या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्या अनेक स्त्रिया मिसरी लावतात, तर पुरुष तंबाखू मळतात. त्यांतही निकोटिन असतेच. तेव्हा न विचारताही ते डॉक्टरांना सांगावे. मधुमेहींनी साखर आटोक्यात आणल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये. बेरियाट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये प्रथिने, लोह व ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव आढळते आणि तिच्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो.

कामावर परतताना

बैठे काम साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करता येते. पोटाचा पट्टा बहुतेक डॉक्टर चार ते सहा आठवडे वापरण्यास सांगतात. तो आधारापुरता असावा. फार आवळल्यास श्वास अपुरा पडतो आणि पायांकडून येणारे रक्त अडते. सहा आठवडे जड वस्तू उचलायची नाही, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण १५ लिटरची भरलेली बादली १५ किलोहून जड असते, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो आणि दोन वर्षांचे मूल १० ते १२ किलोचे असते. लहान मुलाच्या आईने या काळासाठी दुसऱ्या व्यक्तीची सोय केल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. पोटाचे व्यायाम सहा ते आठ आठवड्यांनंतर, तेही परवानगीने.

सूज सकाळी कमी व सायंकाळी जास्त, अशी तीन ते सहा महिने राहते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आरशात सुजलेले, वाकडे पोट पाहून मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी दिसते ते अंतिम रूप नव्हे. व्रणही प्रथम लाल व जाड होतो आणि फिका पडण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा गडद राहण्याची शक्यता अधिक असते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी काही महिने लावल्यास उपयोग होतो.

खर्चाचा विचार करताना एक बाब आधीच तपासावी. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया भारतातील आरोग्य विम्यात सामान्यतः वगळलेली असते. शल्यविशारदाकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का आणि वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हेही पाहून घ्यावे. पुढे मूल हवे असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला जातो. टमी टकनंतर गर्भधारणा होऊ शकते व प्रसूतीही सुखरूप होते, परंतु शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.