भोक असलेले पाकीट : सिंगल तबकड्यांच्या कंपनी-वेष्टनांचा इतिहास

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात वेष्टनाचा विषय निघाला की चर्चा बहुधा लाँगप्ले तबकडीच्या सचित्र वेष्टनाची होते. अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास चित्रमय वेष्टने करायला सुरुवात केली, तिथपासून हा इतिहास सांगितला जातो. मात्र सात इंची सिंगल तबकडी, म्हणजे प्रत्येक बाजूस एकच गाणे असलेली तबकडी, अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत अनेक वर्षे प्रामुख्याने वेगळ्याच पाकिटात विकली गेली. त्या पाकिटावर ना गाण्याचे नाव असे, ना गायकाचे. असे ते कंपनीचे. मध्यभागी गोल भोक असे आणि त्यातून तबकडीचे लेबल वाचता येई. या पाकिटाला आपण कंपनी-वेष्टन म्हणू.

ही पद्धत सिंगलच्या आधीची. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या साध्या, बहुधा तपकिरी कागदाच्या भोकाच्या पाकिटात येत. त्यावर कंपनीची किंवा विक्रेत्याची जाहिरात असे आणि ग्रामोफोनच्या सुयांचीही, कारण पोलादी सुई वारंवार बदलावी लागे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना काढला आणि १९२८ मध्ये डमडम येथे मोठा कारखाना सुरू झाला. भारतात ७८ ची चलती इतकी टिकली की १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा येथे ७८ वर निघाली. ४५ फेऱ्यांच्या हिंदी चित्रपटगीतांच्या ईपींना मात्र, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून साधारण चार गाणी असलेल्या तबकड्यांना, चित्रपटाचे चित्र असलेली वेष्टने मिळत. चित्रपट हेच तिथे विक्रीचे नाव होते, तेव्हा यात नवल नाही.

४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये अमेरिकेत आणली. आरंभी कंपनीने संगीतप्रकारानुसार विनाइलचेच रंग वेगळे ठेवले : अभिजात संगीताला लाल, कंट्रीला हिरवा, मुलांच्या गाण्यांना पिवळा. तबकडीच प्रकार सांगत असेल, तर पाकिटाने काय सांगायचे? ब्रिटनमध्ये ईएमआयने ४५ च्या तबकड्या १९५२ मध्ये आणि डेकाने १९५४ मध्ये सुरू केल्या.

कंपनी-वेष्टनामागचा हिशेब सोपा आहे. सिंगलचे आयुष्य थोडे; गाणे काही आठवडे चालले तर चालले. प्रत्येक गाण्यासाठी वेगळे चित्र काढून छापण्यापेक्षा एकच पाकीट मोठ्या संख्येने छापून ठेवणे स्वस्त पडे, आणि कोणतेही गाणे त्यात घालता येई. ज्यूकबॉक्समध्ये गेलेल्या तबकडीला तर पाकिटाचा उपयोगच नव्हता. पण या काटकसरीचा दुसरा परिणाम असा की ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या वस्तूवर सर्वांत मोठे नाव कंपनीचे राहिले. बीटल्सच्या ब्रिटनमधील आरंभीच्या सिंगल पार्लोफोनच्या हिरव्या पाकिटातच मिळत. ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ ही गाणी असलेली १९६७ ची सिंगल ही ब्रिटनमध्ये सचित्र पाकिटात निघालेली त्यांची पहिली सिंगल. तोवर ते जगभर गाजून चुकले होते!

कंपनीचे नाव पुढे करणे नेहमी कलावंताच्या विरोधातच जाते, असे मात्र समजू नये. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून मोटाउन उभी राहिली. कृष्णवर्णीय मालकाच्या या कंपनीने स्वतःला ‘तरुण अमेरिकेचा आवाज’ म्हणवले. मोटाउन लेबलवर डेट्रॉइट परिसराचा नकाशा होता. पाकिटाच्या भोकातून आधी दिसे ते शहर. गायक नवखा असला तरी कंपनीवरच्या विश्वासाने तबकडी घेणारा श्रोता अशाने तयार होतो.

अ‍ॅपलचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ‘हे ज्यूड’ ही बीटल्सची सिंगल काळ्या पाकिटात आली. भोकातून एका बाजूला अखंड हिरवे सफरचंद दिसे, दुसऱ्या बाजूला कापलेले. कलावंतांची स्वतःची कंपनी, असा तो थाट. पण ब्रिटिश प्रतीचा क्रमांक पाहा : आर ५७२२. हा पार्लोफोनच्याच मालिकेतला क्रमांक, कारण बीटल्स अजून ईएमआयशी कराराने बांधलेले होते. पाकीट एक सांगते, क्रमांक दुसरे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाचावेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संग्राहक पाकिटाच्या रंगावरून आणि छपाईवरून तबकडीचा काळ ठरवतात. पाकीट मात्र तबकडीला जोडलेले नसते. फाटले की दुकानदार किंवा मालक दुसरे घालतो, आणि भोकाचे कोणतेही पाकीट कोणत्याही सात इंची तबकडीला चालते. म्हणून पाकीट हा कंपनीविषयीचा चांगला पुरावा, पण आतल्या तबकडीविषयीचा कच्चा पुरावा होय. तबकडीचा काळ लेबल आणि तिच्यावर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकाशी पडताळूनच मांडावा.

ब्रिटनमध्ये कंपनी-वेष्टनाचे वर्चस्व १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक संगीताबरोबर ओसरले. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ईपी स्वतःच काढली. पहिल्या एक हजार प्रती, वेष्टनावर पोलरॉइड छायाचित्र. आता ज्याच्या नावाने पाकीट छापावे अशी मोठी कंपनीच मागे नव्हती. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या गटाने आपल्या पहिल्या सिंगलच्या झेरॉक्स केलेल्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण, मास्टरिंग आणि तबकड्या छापण्याचा खर्चच रकमांसह लिहून टाकला, म्हणजे वाचणाऱ्यालाही आपली तबकडी काढता यावी.