केला, गेला, मेला आणि लॅटिन

लॅटिन शिकणाऱ्या मुलाची खरी परीक्षा अनियमित क्रियापदांपाशी होते. 'फेरो' म्हणजे मी वाहून नेतो. त्याचा भूतकाळ 'तुली', आणि तिसरं रूप 'लातुम्'! एकाच क्रियापदाची तीन रूपं, तिघांची तोंडं तीन दिशांना. पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याला हसू येतं खरं, पण मंडळी, 'जातो'चा भूतकाळ 'गेला' कसा हो? त्यात 'जा' शोधून दाखवा. 'जातो' आला संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'पासून. आपण पाळण्यात शिकलो म्हणून कधी टोचलं नाही, एवढंच.

लॅटिन घोकून मग आपल्या भाषांकडे वळलेला एक माणूस इकडे होऊन गेला. 'ख्रिस्तपुराण' (१६१६) लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले. १५८३ मध्ये त्यांनी भावाला पत्रात कळवलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी आहे. सर विल्यम जोन्स यांचं याच विषयावरचं कलकत्त्याचं गाजलेलं भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे तीन वर्षांनंतरचं! शाळा-कॉलेजात नाव मात्र जोन्ससाहेबांचंच सांगतात. असो. स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरणही रचलं. ते १६१९ साली वारले आणि व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं.

ते नातं आज आपल्याला उलगडून पाहता येतं. लॅटिन 'एस्त्', 'सुन्त्' म्हणजे आपले 'अस्ति', 'सन्ति'. 'फेरो' हा 'भृ'चा भाऊ, म्हणजे आपला भार आणि भरणे. 'तुली'चं नातं 'तुला' आणि 'तोलणे' यांच्याशी. 'मोर्तुउस' म्हणजे 'मृत', म्हणजेच आपला 'मेला'. गंमत अशी की लॅटिनमध्ये सर्वांत वाकडा असलेला 'फेरो' मराठीत अगदी सरळ झाला: भर, भरला. उलट 'कर'चा 'करला' काही झाला नाही. 'कृत'पासूनचा 'केला' आपण सोडला नाही.

या 'केला'शी माझा फार जुना संबंध. भिवंडीत मी मराठी शिकवत असे. वर्गात यंत्रमाग कामगारांची मुलं पुष्कळ. "सर, मी अभ्यास करला." शिक्षकांच्या खोलीत यावर हशा पिकायचा. मला तो कधीच रुचला नाही. पोर नियमच पाळत होतं की! धर-धरला, भर-भरला, तर कर-करला. एकदा पूर्व उत्तर प्रदेशातल्या एका मुलाला मी विचारलं, "घरी काय म्हणतोस रे?" तो म्हणाला, "कइल." आणि गेला? "गइल." मेला? "मुअल." म्हणजे आमचा 'ल' त्याच्या भोजपुरीत होताच! फळ्यावर दोन रांगा शेजारी शेजारी लिहिल्या. पुढे तो 'करला' म्हणाला नाही.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली मुलांना हा आधार नव्हता, तेलुगूचं कूळच वेगळं. त्यांच्यासाठी मराठी म्हणजे स्टीफन्स यांची लॅटिनच. त्यांच्याकडून मी तासाच्या सुरुवातीला रोज दहा क्रियापदं म्हणवून घ्यायचो, पाढ्यांसारखी.

आता आमच्या पूर्णा गावात गोदामंच गोदामं, आणि त्यांच्या मागोमाग देशभरातली कुटुंबं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ठीकच झालं. पण लॅटिनच्या पोराला पुस्तकामागे रूपांचे छापील तक्ते मिळतात, आमच्या परभाषिक पोराला काय मिळतं? बहुतेक वेळा हशा.

म्हणून माझी जुनी यादी इथे देतो. ओळखीत कुणी नवे शिक्षक असतील तर जरूर पोहोचवा: कर-केला, जा-गेला, ये-आला, हो-झाला, मर-मेला, दे-दिला, घे-घेतला, खा-खाल्ला, पी-प्यायला, घाल-घातला, धू-धुतला, माग-मागितला, सांग-सांगितला. राहिलेली तुम्ही भरा.