बडोद्यातील पोळ, पाटी आणि परवानगी

घराला लागून कोणता धंदा चालावा, त्या धंद्याची पाटी केवढी असावी आणि दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडे राहावे, हे प्रश्न आज नगररचनेच्या नियमावलीतील तांत्रिक बाबी म्हणून ओळखले जात असले, तरी बडोद्यासारख्या शहरात त्यांचा इतिहास नियमावलीहून पुष्कळ जुना आहे. त्या इतिहासात घर व दुकान यांची फारकत करण्याची कल्पना उशिरा, बाहेरून आणि तुकड्यातुकड्यांनी आली. ती आली तेव्हा रस्त्याचा विचार झाला, इमारतीचा झाला, महसुलाचा झाला, परंतु त्या पाटीसमोर झोपणाऱ्या शेजाऱ्याला निर्णयात जागा मिळाली नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या उणिवेवर आहे.

जुन्या बडोद्याची रचना चार दरवाजांची आहे. पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट अशा दरवाजांतून निघालेले रस्ते मध्यभागी मांडवीपाशी मिळतात. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातघर, म्हणजे जिथे माल उतरतो आणि त्यावरील कर वसूल होतो ती जागा. शहराच्या ऐन मध्यावर राजवाडा किंवा देऊळ यांऐवजी जकातीची जागा असावी, यावरून या नगराचा स्वभाव कळतो. मांडवीच्या चारही अंगांना बाजार आणि बाजाराच्या पाठीमागे पोळी, अशी ही वीण आहे. पोळ हा शब्द संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेस किंवा दरवाजा यावरून आला असून, एका दरवाजाच्या आत एकमेकांना भिंती लावून बसलेल्या घरांचा समूह असा त्याचा अर्थ आहे. पुण्याच्या वाड्यात एका मालकाच्या चौकाभोवती बिऱ्हाडे असतात, तर पोळीत अनेक मालकांची घरे एका वेशीच्या आत असतात. दोहोंमध्ये वेस बंद झाली की बाहेरचे जग बाहेर राहते, हे मात्र समान आहे.

पोळीतल्या घराला रस्त्याच्या बाजूने ओटला असतो. हा उंचावरचा ओटा बसण्याउठण्याचा, धान्य निवडण्याचा, आणि घर बाजाररस्त्यावर असेल तर दुकान मांडण्याचाही असे. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही व्यवस्था सराफ, कासार, गंधी, शिंपी अशा कितीतरी व्यावसायिकांच्या अंगवळणी पडलेली होती आणि तिला परवानगी लागत नसे. तरीही ही व्यवस्था बेबंद नव्हती. अहमदाबादच्या पोळींमध्ये पोळीतील पंच घराच्या विक्रीपासून दिवाबत्तीपर्यंतच्या गोष्टींवर लक्ष ठेवीत असत, आणि जिथे ग्राहक, विक्रेता व शेजारी हे तिघेही एकमेकांना नावानिशी ओळखत, तिथे उपद्रवाची तक्रार ओटल्यावरच निकालात निघे. अशा बाजारात पाटीची गरजही थोडीच होती, कारण जागेचे नाव हीच धंद्याची खूण असे. बडोद्यातील लक्कडपीठा हे नाव लाकडाच्या वखारी सांगते. हाथीखान्यात आता हत्तींऐवजी धान्याचा घाऊक व्यापार असला, तरी घराच्या किंवा दुकानाच्या पाटीपेक्षा त्या मोहल्ल्याचे नावच पत्ता सांगण्यास आजही अधिक उपयोगी पडते.

तिसरे सयाजीराव गायकवाड १८७५ साली गादीवर आले आणि १९३९ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत या नगराला दुसरे रूप लाभले. अजव्याच्या तलावाचे नळाचे पाणी १८९२ साली शहरात आले. न्यायमंदिर आणि रावपुऱ्यातील चिमणाबाई घड्याळ मनोरा १८९६ च्या सुमाराचे आहेत. त्यानंतर काही वर्षांतच खंडेराव मार्केट उभे राहिले आणि ते नगरपालिकेच्या हवाली झाले. भाजी, फळे व फुले यांच्या विक्रीसाठी स्वतंत्र, भव्य आणि नियमबद्ध वास्तू उभारण्यामागे बाजाराला ठरावीक जागा देऊन रस्ता मोकळा करावा, हा विचार स्पष्ट दिसतो. घराशेजारच्या धंद्याला बंदी घालण्याऐवजी त्याला चांगली जागा देण्याचा हा मार्ग होता, आणि पुढील काळात आलेल्या बहुतेक उपायांपेक्षा तो शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते.

याच दरबाराच्या निमंत्रणावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याची पाहणी केली आणि शहराच्या विकासाविषयीचा त्यांचा अहवाल १९१६ साली प्रसिद्ध झाला. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले होते, आणि अनेक शहरांत त्यांनी एकच सूत्र मांडले: आधी पाहणी, मग निदान, मग उपचार, आणि उपचारही असा की जुन्या वस्तीचे कमीत कमी अंग कापावे लागेल. जागा, काम आणि माणसे या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, हा त्यांच्या सर्व लेखनाचा पाया होता. ज्या वर्षी हा अहवाल छापला गेला, त्याच वर्षी न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारा विभागवार नियम केला. अशा नियमाला झोनिंग म्हणतात, म्हणजे नगराचे नकाशावर तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात निवास, व्यापार किंवा उद्योग यांपैकी काय चालेल हे आधीच ठरवून देणे. पुढे १९२६ साली ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागातून दुकाने वगळण्याचा गावाचा अधिकार मान्य केला आणि ही पद्धत जगभर पसरली. बडोद्यापुढे १९१६ साली या दोन्ही वाटा खुल्या होत्या. त्यांतील दुसरी वाट पुढे कागदावर स्वीकारली गेली आणि पहिली लोकांच्या वागण्यात टिकून राहिली. आजच्या पुष्कळ गोंधळाचे मूळ या दुहेरीपणात आहे.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा कायदा पुढे या शहराच्या कारभाराचा आधार बनला. पाट्यांविषयीची बडोद्याची कायदेशीर भाषा या कायद्यातून आली आणि तिचे माहेर लंडन आहे. तेथे १८९१ साली छपरांवर उभारलेल्या प्रचंड अक्षरांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला होता. त्यातील 'स्काय साइन' ही संज्ञा मुंबईच्या पालिका कायद्यात आली आणि तेथून प्रांतिक कायद्याच्या कलम २४४ मध्ये. मराठीत तिला 'आकाशचिन्ह' असा सुंदर शब्द मिळाला असून पुणे महानगरपालिकेच्या एका विभागाच्या नावात तो आजही नांदतो. रस्त्यावरून पाहिले असता ज्याच्यामागे आकाश दिसते, अशी खांबावर किंवा चौकटीवर उभारलेली अक्षरे, आकृती अथवा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि ती एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक मुदतीची देता येत नाही.

कलम २४५ इतर जाहिरातींविषयी आहे, आणि त्यातील अपवाद बारकाईने वाचण्यासारखे आहेत. खिडकीच्या आत लावलेली जाहिरात, ज्या इमारतीत धंदा चालतो तिच्यावरच त्या धंद्याची लावलेली पाटी, जागा विकणे वा भाड्याने देणे याची सूचना, तसेच इमारतीचे किंवा तिच्या मालकाचे नाव, ही सर्व, ती प्रकाशित नसतील तर, परवानगीच्या बंधनातून मुक्त ठेवली आहेत. म्हणजे निवृत्त शिक्षकाच्या दारावरील नामफलक आणि तळमजल्यावरील दुकानाची पाटी कायद्याने एकाच माळेत ओवली. ओटल्यावरच्या दुकानासाठी हे न्याय्य होते, कारण रंगवलेली लाकडी पाटी सूर्यास्तानंतर कोणाच्याही डोळ्यांत जात नसे. कायद्याच्या नजरेपुढे रस्त्याने जाणारा माणूस होता, त्याच्या डोक्यावर काही कोसळू नये ही चिंता होती, आणि ती रास्तच होती. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी कोसळलेल्या अवाढव्य फलकाने सतरा माणसांचा बळी घेतला. परंतु समोरच्या घरात रात्रभर पडणारा प्रकाश हा धोका कोसळण्याच्या धोक्यासारखा नसल्यामुळे तो सोसणाऱ्या शेजाऱ्याला त्या कलमात जागा मिळाली नाही, आणि विजेची पाटी सर्वत्र आल्यावरही मिळालेली नाही.

दरम्यान शहर पश्चिमेकडे सरकले. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेंबिक कंपनीपासून साठच्या दशकातील खत कारखाना आणि कोयलीची रिफायनरी यांच्यापर्यंत जे उद्योग आले, त्यांच्याबरोबर नोकरदारांचा वर्ग वाढला आणि रेल्वेपलीकडे बंगल्यांच्या सोसायट्या पसरत गेल्या. पोळीत वाढलेल्या पिढीला अलकापुरीचे घर हवे होते ते शांततेसाठी. तिथे ओटला नव्हता, कुंपण होते. खाली दुकान नव्हते, बाग होती. मग रस्ते रुंद झाले, वाहने वाढली, आणि आर. सी. दत्त रोड व जुना पादरा रोड यांच्या दोन्ही बाजूंच्या बंगल्यांच्या जागी शोरूम, बँका, उपाहारगृहे आली. पोळीतले दुकान घरमालकाचेच किंवा ओळखीच्या भाडेकऱ्याचे असे; इथले दुकान परक्या कंपनीचे, आणि त्याच्या पाटीमागचा निर्णय दूरच्या कार्यालयात झालेला. घर व दुकान पुन्हा शेजारी आले, पण शेजार उरला नाही.

गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम १९७६ साली संमत झाला आणि १९७८ मध्ये वडोदरा शहरी विकास प्राधिकरण, लोकांच्या तोंडचा 'वुडा', स्थापन झाले. या कायद्याची दोन मुख्य साधने आहेत. विकास आराखडा संपूर्ण क्षेत्रातील उपयोग-विभाग आणि मोठे रस्ते ठरवतो. नगररचना योजना, जिला बडोद्यात सगळे 'टी.पी.' म्हणतात, एका लहान क्षेत्रातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा वगैरेंसाठी ठरावीक हिस्सा काढून घेते आणि उरलेली जमीन नीट आकारात परत देते. कायद्यात या हिश्शांची टक्केवारी दिली असून त्यांत रस्त्यांसाठी १५ टक्के आणि प्राधिकरणाने स्वतः विकावयाच्या निवासी, व्यापारी वा औद्योगिक भूखंडांसाठीही १५ टक्के आहेत. ज्या संस्थेने निवासी भागाचे रक्षण करावयाचे, तिलाच त्या भागातील भूखंड विकून रस्त्यांचा खर्च भागवावा लागतो, ही अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. शिवाय निवासी विभागातही रस्ता जितका रुंद तितके अधिक व्यापारी उपयोग चालतात, त्यामुळे टी.पी.चा रस्ता रुंद झाला की त्याच्या काठच्या घरांचे भवितव्य बरेचसे ठरून जाते. त्यातून जे नियमबाह्य राहते, ते शुल्क आकारून नियमित करण्यासाठी राज्याने २०११ आणि २०२२ साली कायदे केले. त्या शुल्काला लोक 'इम्पॅक्ट फी' म्हणतात. इम्पॅक्ट म्हणजे परिणाम. तो सोसणारा शेजारी असतो आणि शुल्क सरकारी तिजोरीत जाते.

शेजाऱ्याचे सर्वांत जुने संरक्षण घड्याळ हे होते. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ नुसार दुकाने आणि उपाहारगृहे उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा ठरत. तो कायदा कामगारांसाठी होता, पण त्याचा लाभ वरच्या मजल्यावरील कुटुंबालाही होई. २०१९ च्या गुजरात कायद्याने महानगरांत चोवीस तास व्यवहाराची मुभा दिली आणि हे अप्रत्यक्ष संरक्षण गेले. त्याच काळात गाडीतून न उतरता खिडकीपाशी पदार्थ घेऊन पुढे जाण्याची अमेरिकी पद्धत, ड्राइव्ह-थ्रू, भारतीय शहरांत येऊ लागली होती. ती १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजली; ध्वनिक्षेपकावरून दिलेली मागणी, रांगेत सुरू राहिलेली इंजिने आणि उंच खांबावरची पाटी हे तिचे अंगभूत भाग असल्यामुळे तेथे अशा परवानगीवर शेजाऱ्यांना सूचना देऊन जाहीर सुनावणी घेण्याची प्रथा आहे, आणि मिनिआपोलिस शहराने तर २०१९ मध्ये नवे ड्राइव्ह-थ्रू बंदच केले. बडोद्याला गाडीत बसून खाणे नवीन नाही. मराठी उसळीला गुजराती शेवेची जोड देऊन या शहराने घडवलेली शेव-उसळ लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, वाहन उभे करून कितीतरी वर्षे खाल्ली जात आहे. पण लारी सरकवता येते, तिच्या मालकाशी बोलता येते, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्यासाठी समितीही नेमलेली आहे. महापालिकेने कारेलीबागेत रात्री बझार बांधला, तेव्हा तिने खंडेराव मार्केटचाच जुना मार्ग, म्हणजे धंद्याला योग्य जागा देण्याचा, पुन्हा धरला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गुजरात सरकारने बडोद्यासह आठ महानगरांतील सार्वजनिक ठिकाणच्या फलकांवर गुजराती भाषा बंधनकारक केली आणि महाराष्ट्रातील मराठी पाट्यांचा आग्रह सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाटी कोणत्या भाषेत असावी यावर दोन्ही राज्यांत झालेली चर्चा आवश्यकच होती. पाटी किती वाजता विझावी यावर तेवढी चर्चा कुठेच झालेली नाही.

१९७६ च्या कायद्यानुसार एखाद्या भूखंडावरील बांधकामाची परवानगी देताना शेजाऱ्याला नोटीस देण्याचे बंधन नाही. मात्र विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी दोन महिने आणि नगररचना योजनेच्या मसुद्यासाठी एक महिना मिळतो, तसेच आराखड्याचा फेरविचार दहा वर्षांतून किमान एकदा व्हावा असे कायदा सांगतो. सध्याचा आराखडा २०३१ सालापर्यंतचा आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी किंवा कारेलीबाग येथील रहिवाशांनी घरासमोरच्या रस्त्याची आखलेली रुंदी नकाशावर स्वतः पाहावी, आणि प्रकाशित पाटी व रात्रीचे उपाहारगृह यांच्या परवानगीपूर्वी लगतच्या घरांना सूचना मिळावी अशी लेखी मागणी त्या दोन महिन्यांच्या आत नोंदवावी.