गावांचा हिशेब

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. पण प्रकल्पासाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे माजलगाव धरणानं आम्हाला शिकवलं. सिंदफणेच्या पाण्याखाली काय काय गेलं, ते लोकांसमोर मांडलंच पाहिजे, असा कायदा तेव्हा नव्हता. पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आली १९९४ साली, जनसुनावणीची सक्ती १९९७ मध्ये. पुढं २००६ च्या अधिसूचनेतही अटी पाळल्याचा सहामाही अहवाल बंधनकारक राहिला.

नवी मुंबई विमानतळाला नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळाली ती याच वाटेनं. उलवे टेकडी कापायची, नदी वळवायची, खारफुटी हटवायची, दहा गावं उठवायची. श्रोतेहो, हे कुणी आपणहून कशाला सांगेल? सक्ती कायद्याची खरी. पण जाब विचारणारी माणसं त्या पट्ट्यात आधीच होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जणांनी प्राण गमावले होते.

२५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. माझे काका दुष्काळात धरणाचं पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या जोत्यांवर जात. त्यांच्याकडे अहवाल नव्हता. कुणाचं घर कुठं होतं, ते बोटानं दाखवत.