प्रवासात दुचाकीची दुसरी चावी कुठे ठेवावी? शिरूर-दौंडच्या गाडीवाल्यांसाठी उपयुक्त माहिती

शिरूर / दौंड : नवीन दुचाकी घेताना शोरूममधून दोन चाव्या मिळतात. एक रोजच्या वापरात राहते. दुसरी कपाटात, देव्हाऱ्याच्या फळीवर, नाहीतर गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत पडून असते. वर्ष-दोन वर्षांनी ती नेमकी कुठे ठेवली, हे घरात कुणालाच आठवत नाही. तिची आठवण होते ती पहिली हरवल्यावर, आणि तेव्हा गाडी गावापासून लांब उभी असते.

बहुतेक मोटारसायकलींना इग्निशन, हॅण्डल लॉक, पेट्रोल टाकीचं झाकण आणि सीट किंवा साइड कव्हर या सगळ्यांना मिळून एकच चावी असते. त्यामुळे ती गेली की सगळंच अडतं. हॅण्डल लॉक लावलेलं असेल, तर गाडी ढकलत गॅरेजपर्यंतही नेता येत नाही.

चावी कुठे हरवते

दौंड, पाटस, केडगाव, यवत या स्टेशनांवर गाडी लावून रोज रेल्वेने पुण्याला अप-डाऊन करणारे अनेक जण आहेत. गाडी स्टेशनवर आणि चावी दिवसभर खिशात, असा हा प्रवास. लोकलच्या गर्दीत किंवा पुण्यातल्या कामाच्या ठिकाणी चावी पडली, तर ते कळतं रात्री परत उतरल्यावर. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांचंही तसंच. कंपनीची बस जिथे थांबते तिथे गाडी लावायची आणि शिफ्ट संपली की अंधारात घर गाठायचं.

यात्रेच्या दिवसांत धोका आणखी वाढतो. अष्टविनायक करणारे अनेक जण सिद्धटेकहून दौंड-काष्टीमार्गे शिरूर आणि पुढे रांजणगाव गाठतात. सिद्धटेकला भीमेत अंघोळीला उतरताना पॅन्ट काठावर राहते, चावी वाळूत पडते. रांजणगावला चतुर्थीच्या रांगेत रुमाल काढताना ती खिशातून बाहेर येते. तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी असते, तेव्हा गाड्या लांब लावून पायी दर्शनाला जावं लागतं. अशा गर्दीत पडलेली चावी सापडणं कठीण.

शिरूरच्या बेट भागात प्रश्न नुसत्या खोळंब्याचा राहत नाही. जांबूत, पिंपरखेड, कवठे येमाई, टाकळी हाजी या पट्ट्यात उसामुळे बिबट्याचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. तिथे अंधार पडल्यावर बंद गाडीपाशी एकट्याने थांबणं किंवा पायी घराकडे निघणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. म्हणून दुसऱ्या चावीची सोय घरातून निघण्याआधीच झालेली बरी.

कुठे ठेवू नये

नियम साधा आहे. दुसरी चावी पहिल्या चावीजवळ नको आणि गाडीवरही नको.

दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये अडकवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एक हरवली की दोन्ही जातात. डिकीत किंवा सीटखाली ठेवली, तर ती काढायला पहिलीच चावी लागते. काही जण चुंबकाच्या डबीत घालून चॅसीला किंवा मडगार्डच्या आत चिकटवतात. कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी आणि गाडी धुताना पाण्याच्या प्रेशरने ती डबी निखळते. शिवाय या जागा चोरालाही माहीत असतात.

चावी आणि मूळ आरसी एकत्र ठेवणं तर आणखी वाईट. गाडी आणि तिचे कागद दोन्ही एकदमच चोराच्या हाती लागतात. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी आणि लायसन्स ग्राह्य धरावं, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना कळवलं आहे. त्यामुळे मूळ कागद गाडीत घेऊन फिरायची गरज उरलेली नाही.

कुठे ठेवावी

दोघं जात असतील तर सोपं आहे. एक चावी चालवणाऱ्याकडे, दुसरी मागे बसणाऱ्याकडे. मित्रांच्या चार-पाच गाड्या एकत्र निघाल्या, तर प्रत्येकाने आपली दुसरी चावी दुसऱ्या गाडीवाल्याकडे द्यावी आणि कुणाची कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असावं.

एकट्याने जाताना चावी अंगावरच पण वेगळ्या जागी हवी. शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनने अडकवता येते. कमरेच्या पाकिटात किंवा सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यातही चालते, मात्र सॅक गाडीला लटकवून जाऊ नये. जुनी माणसं पेटीची चावी करदोट्याला बांधत. ती युक्ती आजही उपयोगी आहे, कारण अंघोळीला उतरतानासुद्धा ती अंगावरच राहते.

रोज रेल्वेने जाणाऱ्यांनी एक चावी स्टेशनजवळच्या नात्यातल्या किंवा अगदी भरवशाच्या माणसाकडे ठेवली, तर रात्रीची अडचण टळते. चावीला गाडीचा नंबर लिहिलेलं लेबल मात्र लावू नये.

प्रवासासाठी तिसरी चावी

सोबत नेण्यासाठी डुप्लिकेट करून घ्यावी आणि कंपनीची दुसरी मूळ चावी घरी जपून ठेवावी. डुप्लिकेट बनवताना रोजची झिजलेली चावी देऊ नये. झिजलेल्या चावीवरून काढलेली नक्कल झिजलेलीच निघते. न वापरलेली मूळ चावी न्यावी, समोर उभं राहून बनवून घ्यावी आणि लगेच परत घ्यावी. मग इग्निशन, हॅण्डल लॉक, टाकी, सीट अशी चारही ठिकाणी लावून बघावी. नुसती गाडी चालू झाली म्हणजे काम झालं, असं नाही.

होंडा ॲक्टिव्हासारख्या अनेक गाड्यांना चावीच्या छिद्रावर चुंबकाने उघडणारं शटर असतं. साध्या डुप्लिकेट चावीत ते चुंबक नसतं. शटर बंद असेल तर अशी चावी आत जातच नाही. त्या गाडीसाठी चुंबकासह चावी बनवून घ्यावी, नाहीतर प्रवासात मूळ चावीच वेगळी बाळगावी.

होंडाने जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हाला स्मार्ट की आणली. ती जवळ असली की गाडी साधारण दोन मीटरवरून ओळखते. म्हणून दुसरी स्मार्ट की डिकीत ठेवणं म्हणजे गाडी उघडी सोडल्यासारखंच. या चावीत छोटा सेल असतो, तो लांबच्या प्रवासाआधी तपासावा. पावसात चावी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी.

अनेक कंपन्या चावीवर किंवा सोबतच्या छोट्या पट्टीवर नंबर देतात. तो घरी वहीत लिहून ठेवावा. त्याचा फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

विम्यासाठी दोन्ही चाव्या लागतात

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी एफआयआर आणि आरसीसोबत दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी देता आली नाही, तर ती गाडीतच राहिली होती का, असा प्रश्न निघतो आणि दावा रखडतो.

अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या प्रकरणात चावी ट्रकमध्येच राहिली आणि ट्रक चोरीला गेला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण नाकारता येणार नाही असं ठरवून ७५ टक्के भरपाई मान्य केली. पण मालकाला २५ टक्क्यांवर पाणी सोडावं लागलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

म्हणून एखादी मूळ चावी हरवली, तर त्याच वेळी जवळच्या पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करून विमा कंपनीलाही लेखी कळवावं. जुनी गाडी घेतानाही दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. एकच मिळाली तर दुसरी कुणाकडे आहे, हे सांगता येत नाही. अशा वेळी लॉक सेट बदललेला बरा.

हरवलीच तर

आधी शेवटच्या दोन-तीन ठिकाणी, म्हणजे चहाची टपरी, पेट्रोल पंप, देवस्थानाचं कार्यालय इथे विचारावं. घरून चावी मागवायची असेल, तर एसटीने किंवा वडापने येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवता येते. अनोळखी माणसाला वायर जोडून गाडी डायरेक्ट करू देऊ नये. वायरिंग बिघडतं, शिवाय ती युक्ती त्याला आपल्याच गाडीवर दाखवून मिळते. चावीवाल्याला बोलावलं तर आरसी आणि ओळखपत्र दाखवावं. जो चावीवाला कागद बघितल्याशिवाय कुलूप उघडत नाही, तोच भरवशाचा.

रात्र झाली तर गाडी उजेडात, हॉटेल किंवा पंपाच्या आवारात लावून सांगून ठेवावी आणि सोबतीनेच घरी जावं. चावी चोरली गेल्याचा संशय असेल किंवा रात्री अडकून पडल्यावर धोका वाटला, तर ११२ नंबरला फोन करावा. घरी पोचल्यावर उरलेल्या चावीवरून लगेच आणखी एक करून घ्यावी. एकाच चावीवर गाडी चालवत राहिलं, तर पुढच्या वेळी लॉक सेटचाच खर्च येतो.