मडक्याला मिळालेला मान
५ जुलै १९७५. अमेरिकेतील साउथॅम्प्टन कॉलेजात ‘शक्ती’ची मैफल ध्वनिमुद्रित झाली. विजेच्या गिटारीने सभागृहे दणाणून सोडणारा जॅझवाला जॉन मॅकलॉफलिन येथे बिनविजेची लाकडी गिटार घेऊन बसला! सोबत एल. शंकरांचे व्हायोलिन, रामनाड राघवनांचा मृदंगम, आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनांचा तबला आणि विक्कू विनायकरामांचा घटम, म्हणजे चक्क मातीचे मडके.

ठरलेली धून वाजली की पुढचे सारे कानांवर! तबल्याने बोल टाकावा, घटमाने तो आपल्या दाक्षिणात्य चालीने परतवावा. ‘जॉय’ ही चीज १८ मिनिटे अशी धावते, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

कर्नाटक मैफलीत घटमवाला मृदंगवाल्याच्या मागचा मानकरी. त्याला पुढची जागा मिळायला सातासमुद्रापार जावे लागले, हे मला अजून रुचत नाही.