‘कधीपासून?’

मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. ती कधीपासूनची, हे नेमके मोजण्याची वैद्यकीय शिस्त मात्र अलीकडची. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले. अमेरिकेतील 1968 च्या मनोविकार-वर्गीकरणात बालकांच्या अतिचंचलतेला जेमतेम दोन वाक्ये लाभली. मुदतीचा त्यांत उल्लेखही नव्हता. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीने तो केला. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि त्यांचा आरंभ सातव्या वर्षापूर्वी झालेला असावा, असे ठरले. 2013 मध्ये आरंभाच्या वयाची मर्यादा बारा वर्षांपर्यंत वाढली; सहा महिने मात्र कायम राहिले. सहाच का, पाच का नव्हेत? ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे, तज्ज्ञांनी विचारान्ती मान्य केलेली सीमा आहे.

तिचे प्रयोजन जबलपूरकरांना सहज उमगावे. 22 मे 1997 रोजी पहाटे त्या शहरास भूकंपाने हादरविले. अशा आघातानंतर मूल दचकून उठते, पुस्तकात त्याचे मन लागत नाही, त्याला जागेवर बसवत नाही. वरवर पाहणाऱ्यास ही लक्षणे तीच वाटतील. परंतु या अस्थिरतेला तारीख आहे. दुसऱ्या मुलाच्या आईला तारीख सांगताच येत नाही. ‘पहिल्यापासून असाच आहे,’ एवढेच ती म्हणते. भयाची छाया क्वचित सहा महिन्यांहूनही अधिक रेंगाळते. म्हणूनच मुदतीला आरंभाच्या वयाची, तसेच घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणच्या वर्तनाची जोड द्यावी लागते.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. हे सहा महिने दवाखान्याची पायरी चढल्यावर पुढे मोजावयाचे नसतात, मागे मोजावयाचे असतात. अन्यथा गरजू मुलाचे शाळेचे अर्धे वर्ष वाया जावयाचे. पण मागचे सांगणार कोण? जबलपूर हे छावणीचे, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांचे आणि रेल्वेचे शहर. वडिलांच्या बदलीमुळे तेथे आलेल्या मुलाला नवे शिक्षक जेमतेम दोन महिने ओळखत असतात. नवी शाळा, नवे सवंगडी, आणि मराठी घरातील मुलाच्या कानी वर्गात अखंड हिंदी. एवढ्यानेही ते काही काळ बावरते. अशा वेळी जुन्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातील शेरे आणि घरातील आजीची आठवण, हीच डॉक्टरांच्या हाती असलेली साक्ष.